तरंगत्या बेटांवर पाहुणे म्हणून जाताना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पेरूला जाणार असून तितिकाका सरोवरातील उरू लोकांची तरंगती बेटे पाहण्याची इच्छा आहे, परंतु तेथे आता पर्यटकांसाठीचा देखावाच उरला आहे, असे ऐकून मन साशंक झाले आहे. जावे का? (एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : अवश्य जावे. तोतोरा या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या मुळांचे ठोकळे एकत्र बांधून, त्यांवर कापलेल्या तोतोराचे थर आडवेउभे अंथरून ही बेटे तयार होतात. खालचा थर पाण्यात कुजत जातो म्हणून वरून नवा थर सतत घालावा लागतो आणि हे श्रम, पर्यटक येवोत वा न येवोत, चुकत नाहीत. रंगीत पोशाखातील स्वागत व गाणी पाहुण्यांसाठी असतात हे खरे. पण पर्यटन हेच आज अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन असल्याने त्याला खोटेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. उरूंची मूळ भाषा मागे पडून आयमारा ही शेजारच्या लोकांची भाषा रुजली, ती तर पर्यटनाच्या पुष्कळ आधी; म्हणजे प्रत्येक बदल पर्यटकांमुळेच झाला असे नाही.

घाईच्या फेरीऐवजी बेटावरील एखाद्या कुटुंबाकडे एक रात्र मुक्काम करावा, भरतकाम करणाऱ्या बाईंकडूनच ते विकत घ्यावे आणि छायाचित्रापूर्वी परवानगी विचारावी. सरोवर सुमारे ३,८१२ मीटर उंचीवर असल्याने, जवळजवळ समुद्रसपाटीवरच्या वडोदऱ्याहून जाणाऱ्या आपण डॉक्टरांचा सल्ला घेऊन, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आधी सुमारे २,३०० मीटरवरील आरेकिपा या पेरूतील शहरात एक-दोन दिवस थांबावे.