मोबाइल नेटवर्क आपोआप चालवायचं तर एकच मोठं एआय मॉडेल बरं, की छोट्या मॉड्यूलचा संच? आणि यात काम करायचं तर काय शिकावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: मॉड्यूल. पण हा शब्द उच्चारला की लोक पाच मॉडेलं पाच टीमना वाटून देतात आणि काम झालं असं समजतात. त्या समजुतीशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी रेडिओ ऑप्टिमायझेशनमधून या कामात आलो. हँडओव्हरचे, म्हणजे फोन एका सेलवरून दुसऱ्यावर सोपवण्याचे, पॅरामीटर हाताने बदलण्यात उमेदीची वर्षं गेली. पुढे एका ऑपरेटरच्या ऑटोमेशन प्रकल्पात होतो, तिथे तीन मॉड्यूल लाइव्ह नेटवर्कवर चढवायची होती. एकाचं काम लोड उतरला की कपॅसिटी लेयरचे (गर्दीसाठी वर जोडलेल्या थराचे) सेल झोपवणं, दुसऱ्याचं गर्दीच्या सेलमधले युजर शेजारी ढकलणं, तिसऱ्याचं फार लवकर किंवा फार उशिरा होणारे हँडओव्हर ताळ्यावर आणणं. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज १७ या आवृत्तीच्या अभ्यासात रेडिओ नेटवर्कमधल्या एआयसाठी निवडलेले उपयोगही हेच तीन आहेत: वीजबचत, लोड बॅलन्सिंग, मोबिलिटी. आमची तिन्ही मॉड्यूल वेगवेगळी तपासली होती आणि तिन्हींचे आकडे खरोखर चांगले होते.

चढवण्याआधीच्या बैठकीत मी एकच विचारलं: सीआयओ (सेल इंडिव्हिज्युअल ऑफसेट) कोणाच्या ताब्यात राहणार? ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळलंच असेल. शेजारच्या सेलच्या बाजूने किंवा विरुद्ध उणे २४ ते अधिक २४ डीबीपर्यंत झुकतं माप देणारा हा आकडा. लोड बॅलन्सिंगही तोच फिरवतं आणि मोबिलिटीही तोच. मला सांगण्यात आलं की मॉडेलं शिकलेली आहेत, आपसात जुळवून घेतील.

त्यांनी जुळवून घेतलं नाही. वीजबचतीच्या मॉड्यूलने वरचा लेयर झोपवला की तिथले युजर खालच्या कव्हरेज लेयरवर येत. तो सेल भरलेला दिसला की लोड बॅलन्सिंग सीआयओ बदलून त्यांना शेजारी पाठवी. शेजारचा सिग्नल अजून पुरेसा नसे, म्हणून मोबिलिटीला हे ‘फार लवकर’ झालेले हँडओव्हर दिसत आणि ते सीआयओ मागे ओढी. सेल पुन्हा भरे, झोपलेला लेयर जागा होई, लोड उतरे, लेयर परत झोपे. काठावरचे फोन दोन सेलमध्ये पिंगपाँग खेळत होते आणि कॉल तुटत होते. क्लस्टरची सरासरी मात्र ठीक दिसत होती, कारण सेलच्या मध्यभागी बसलेल्यांना काहीच झळ नव्हती. सरासरीवर विसंबून ऑटोमेशन तपासणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळेच. तुटणारा कॉल नेहमी काठावरच्याच माणसाचा असतो.

याहून वाईट पुढे झालं. मोबिलिटीचं मॉडेल बिघडलं असं ठरवून ते ताज्या डेटावर पुन्हा ट्रेन केलं गेलं. आता तो ताजा डेटा कुठून आला होता? बाकीच्या दोन मॉड्यूलनी ढवळलेल्या नेटवर्कमधूनच. मॉडेल ती ढवळाढवळच नेहमीची परिस्थिती म्हणून शिकलं. या क्षेत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे आणि ती फार कमी ठिकाणी लिहिलेली दिसते: एका मॉड्यूलच्या ट्रेनिंग डेटात बाकीच्या सगळ्या मॉड्यूलचं वागणं मुरलेलं असतं. लोड बॅलन्सिंगची आवृत्ती बदलली की मोबिलिटीचं मॉडेल हात न लावताही शिळं होतं, आणि कोणताही अलार्म वाजत नाही.

आमच्या आर्किटेक्ट साहेबांनी यातून काढलेला निष्कर्ष असा: ‘ही मॉड्यूल म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. सगळं बघणारं आणि सगळं ठरवणारं एकच मोठं मॉडेल करू, म्हणजे भांडायला दुसरं कोणी उरणारच नाही.’ बैठकीत हे फार पटण्यासारखं वाटतं. मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

कारण नेटवर्कमध्ये वेळेचे टप्पे वेगवेगळे आहेत. ३० किलोहर्ट्झच्या सबकॅरिअरला ५जीचा स्लॉट, म्हणजे प्रसारणाचा वेळेचा तुकडा, अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो, शेड्यूलरचा निर्णय तेवढ्यात व्हावा लागतो. ओ-रॅन या खुल्या रेडिओ नेटवर्कच्या रचनेत निअर-रिअल-टाइम आरआयसीचा (रेडिओ नेटवर्कच्या कंट्रोलरचा) फेरा १० मिलिसेकंद ते १ सेकंद, तर नॉन-रिअल-टाइम आरआयसीचा त्याच्या वरचा. एक्सॲप नावाची ॲप पहिल्यावर चालतात, आरॲप दुसऱ्यावर. सेल झोपवायचा का हे ठरवणारं आणि पुढच्या स्लॉटमध्ये कोणाला जागा द्यायची हे ठरवणारं मॉडेल एकच असावं, हा आग्रह मला समजत नाही. शिवाय उद्या नवा बँड आला तर काय, सगळंच पुन्हा ट्रेन करायचं? आणि रात्री कॉल तुटायला लागले तर एनओसीतल्या (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातल्या) माणसाने काय बंद करायचं? मॉड्यूल असलं तर एक बंद करून जुना नियम लावता येतो आणि दोष कुठे आहे ते तासाभरात कळतं. एकाच मोठ्या मॉडेलला बंद-चालू एवढंच बटण असतं.

शेवटी आमच्याकडे झालं ते मी आधी सांगितलेलंच. सीआयओची मालकी मोबिलिटीकडे गेली. लोड बॅलन्सिंगने तो थेट बदलायचा नाही, फक्त ‘मला इतका कल हवा’ अशी मागणी करायची. मोबिलिटी आपल्या मर्यादेत बसेल तेवढंच देणार. झोपलेला लेयर ठरावीक वेळ जागा करायचा नाही आणि जागा केलेला लगेच झोपवायचा नाही. कुठल्याही मॉड्यूलची आवृत्ती बदलली की तिन्हींची एकत्र चाचणी. पिंगपाँग थांबलं. यात नवं संशोधन काहीच नव्हतं. रिलीज ९ च्या काळात, म्हणजे मशीन लर्निंगचा गाजावाजा नसताना, मोबिलिटी आणि लोड बॅलन्सिंग ही दोन्ही सॉन (नेटवर्कने स्वतःला जुळवून घेण्याची) फंक्शन आली तेव्हापासून त्यांचं हे भांडण ठाऊक आहे. ओ-रॅनवाले आज अशा संघर्षांचे थेट, अप्रत्यक्ष आणि छुपे असे प्रकार करतात. आमचा थेट प्रकार होता, सर्वांत सोपा. अप्रत्यक्ष प्रकारात अँटेनाचा टिल्ट (झुकाव) एकाने आणि सीआयओ दुसऱ्याने बदलला तर हँडओव्हरची हद्द दोघांमुळे सरकते आणि पॅरामीटरच्या यादीत ते दिसतही नाही.

म्हणून मॉड्यूल पाडताना टीमचा तक्ता बघू नका. कोणता पॅरामीटर कोणाचा आणि कोणाचा फेरा किती वेळाचा, हे आधी ठरवा. मॉडेल कोणतं घ्यायचं हा प्रश्न त्यानंतरचा. वेगळ्या दिशेने केलेली विभागणीही कामाची आहे: रिलीज १७ मध्ये एनडब्ल्यूडीएएफचे (५जी कोअरमधल्या डेटा-विश्लेषण फंक्शनचे) विश्लेषण देणारा आणि मॉडेल ट्रेन करणारा असे दोन भाग पाडले गेले. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या २०१९ च्या वाय.३१७२ शिफारशीत तर डेटाच्या उगमापासून निर्णय लागू होण्यापर्यंतची पाइपलाइन तुकड्यातुकड्यांनी मांडली आहे आणि लाइव्ह नेटवर्कला धक्का न लावता ट्रेनिंग-चाचणी करायला वेगळा सँडबॉक्स ठेवला आहे. आमच्याकडे तो सँडबॉक्स मागितला होता, वेळ नाही म्हणून मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र साहेबांच्या बाजूने सांगायला हवी. काही ठिकाणी मॉड्यूलची सीमा खरंच आड येते. चॅनेलची माहिती फोनमध्ये आकसून बेस स्टेशनवर पुन्हा उलगडायची असेल तर दोन्हीकडची मॉडेलं एकमेकांशी जुळलेली लागतात. फोन एका कंपनीचा, बेस स्टेशन दुसऱ्या कंपनीचं, आणि ट्रेनिंग कोणी कसं करायचं हा वादाचा मुद्दा आहे. तिथे माझा मालकीचा नियम पुरत नाही. तसंच, प्रत्येक मॉड्यूलने ट्रॅफिकचा अंदाज स्वतंत्रपणे बांधावा असंही माझं म्हणणं नाही. तो एकदा बांधून सगळ्यांनी वापरावा.

काय शिकावं, तर आधी काउंटर, म्हणजे नेटवर्कने मोजलेले आकडे, वाचायला शिका. हँडओव्हर अपयशाचे प्रकार, ए३ इव्हेंट (शेजारचा सेल ठरावीक फरकाने वरचढ झाल्याची खूण), टाइम-टू-ट्रिगर (तो फरक किती वेळ टिकायला हवा) हे हाताखालून गेल्याशिवाय रिवॉर्ड फंक्शन (एजंटला गुण देणारं सूत्र) लिहू नका. पायथन आणि रिइन्फोर्समेंट लर्निंग त्यानंतर सहज येतं, उलट क्रमाने आलेल्यांना मी अडकलेलं पाहिलंय. एनएस-३ हा नेटवर्क सिम्युलेटर फुकट आहे आणि त्यात ए३ वर चालणारं हँडओव्हर तयार मिळतं. तीन सेल उभे करा, दोन छोटे एजंट लिहा, दोघांनाही एकच हिस्टेरेसिस (हँडओव्हरसाठी लागणारा जादा फरक) फिरवू द्या. आधी प्रत्येकाला एकटं चालवून आकडे घ्या, मग दोघांना एकत्र, आणि आलेख काढताना काठावरचे युजर वेगळे काढा.