जुना वॉलपेपर खरवडण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या शंभर वर्षांहून जुन्या घराच्या दिवाणखान्यात वॉलपेपरचे चार-पाच थर एकावर एक चिकटवलेले आहेत. ते काढून भिंती रंगवायच्या आहेत. वाफेचे यंत्र वापरावे का?

उत्तर : यंत्र आणण्यापूर्वी भिंत वाजवून पाहावी. जिथे पोकळ आवाज येतो, तिथे चुन्याच्या गिलाव्याने मागच्या लाकडी पट्ट्यांची पकड सोडलेली असू शकते आणि तो निव्वळ कागदाच्या आधारावर टिकून राहिलेला असतो. तिथे वाफ दिली, तर कागदाबरोबर गिलावाही हातात येतो. भिंत भरीव असली तरी मी आधी हातभर जागेवर स्पंजाने कोमट पाणी लावून पाहण्याचाच सल्ला देईन, कारण जुनी पिठाची खळ बहुधा तेवढ्याने सुटते. वरचा थर व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा, असल्यास त्यातून पाणी झिरपत नाही, म्हणून तो पापुद्रा आधी कोरडाच सोलावा. कागदाखाली शिसेयुक्त जुना रंग असण्याची शक्यता असते, तेव्हा भिंत कोरडी घासू नये.

मात्र सगळेच काढण्याची घाई कशासाठी? कपाटामागे किंवा दाराच्या चौकटीलगत सर्व थर शाबूत असलेला एक तुकडा सापडला, तर तो तसाच राखावा, आणि नक्षी पुन्हा सुरू होईपर्यंतचा पूर्ण भाग त्यात येईल एवढा मोठा असावा. सर्वांत खालच्या कागदाला ठरावीक अंतरावर आडवे सांधे दिसले, तर तो सुटे ताव जोडून केलेला, म्हणजे अखंड गुंडाळ्या सर्रास होण्यापूर्वीचा, ढोबळमानाने १८४० च्या आधीचा असू शकतो. अशा वेळी काम थांबवून जाणकार संवर्धकाला बोलवावे.

प्रश्न : एका खोलीत गर्द हिरव्या पानांचा कागद आहे. त्यात विष असते असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : असू शकते. रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी १७७५ मध्ये तयार केलेले हिरवे रंगद्रव्य आणि १८१४ मधील त्याहून उजळ 'एमराल्ड ग्रीन' या दोन्हींत तांबे व आर्सेनिक असते, आणि एकोणिसाव्या शतकात वॉलपेपरसाठी त्यांचा भरपूर वापर झाला. नुसत्या नजरेने निदान होत नाही. आर्सेनिक इतर छटांच्या कागदांतही आढळते. प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत तो कागद घासू, खरवडू किंवा जाळू नये. ओल असेल तर ती आधी थांबवावी, कारण ओलसर कागदावर वाढणाऱ्या काही बुरशींमुळे आर्सेनिकयुक्त वायू सुटतो. कागद कोरडा व घट्ट चिकटलेला असेल, तर घाबरून तो उपटण्यापेक्षा आहे तसा ठेवून, योग्य सल्ल्याने झाकून घेणे पुष्कळदा अधिक सुरक्षित ठरते.

प्रश्न : कागद चांगला आहे, फक्त मळला आहे आणि एका कोपऱ्यात फाटून लोंबतो आहे.

उत्तर : मग तो वाचवाच. पाणी लावू नये; जुने छपाईचे रंग ओल्या बोटालाही लागतात. मऊ ब्रशने धूळ झटकून, सफाईसाठी मिळणाऱ्या कोरड्या रबरी स्पंजाने वरून खाली हलक्या हाताने पुसावे, आणि स्पंजाची काळवंडलेली बाजू वेळोवेळी कापून टाकावी. फाटलेल्या कडा कात्रीने सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण तंतू सुटलेली ओबडधोबड कडच जागेवर नीट मिसळते. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ मागून लावून, मध्ये शोषक कागद धरून कड दाबावी. चिकटपट्टी किंवा पांढरा डिंक नको. पुढे काढता येत नाही.

प्रश्न : नवा वॉलपेपर कोणता लावावा?

उत्तर : चुन्याच्या भिंतीवर साधा कागदीच. व्हिनाइलमागे ओल कोंडते आणि गिलावा भुसभुशीत होतो. आधी कोरा अस्तर-कागद आडवा लावावा, म्हणजे त्याचे सांधे वरच्या कागदाच्या सांध्यांवर येत नाहीत.