नानांना आशा द्यायची म्हणजे काय सांगायचे?

चोपडा तालुक्यातील एक वाचक लिहितात की, त्यांच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, फुप्फुसाचा कर्करोग हाडांपर्यंत पसरला असून तो आता बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी मुलांना सांगितले आहे. थोरले बंधू मात्र "नानांना काही कळू द्यायचे नाही, त्यांची आशा तुटेल" म्हणून अडून बसले आहेत, आणि नाना रोज विचारतात, "यंदा कांदेबाग (केळीची हंगामी लागवड) लावायचा ना?"

प्रिय भाऊ,

लागवडीपासून घड कापणीला यायला सुमारे वर्ष जाते, हे जन्मभर केळी पिकवणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको. नाना बागेच्या आडून स्वतःविषयीच विचारत असावेत असे मला वाटते, आणि "लावू की, तुम्ही ठणठणीत होणार आहात" असे म्हटले की त्यांना पुढे बोलायला जागाच उरत नाही. त्यांच्याजवळ निवांत बसा आणि विचारा, "नाना, तुमच्या मनात काय चाललंय? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचंय का?" नको म्हणाले तर तिथेच थांबा, तो त्यांचा हक्क आहे. हो म्हणाले तर थोडे थोडे सांगा, पण खरे सांगा.

दादांची भीती मायेपोटी आहे. पण आशा काय फक्त बरे होण्याचीच असते? रात्री सलग झोप लागावी, आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी याव्यात, भावकीतला जुना अबोला मिटावा, शेताची वाटणी आपल्या देखत व्हावी, अशा कितीतरी आशा "बरे झाल्यावर पाहू" या शब्दांखाली राहून जातात.

वेदना कमी करणारे उपचार म्हणजे हात टेकणे, हे दादांचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. नानांसारख्याच, पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार, मिळालेल्या रुग्णांमध्ये उदासी कमी आढळली आणि ते मध्यकाने (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ११.६ महिने जगले; फक्त नेहमीचे उपचार मिळालेले ८.९ महिने. नानांना इतकेच मिळेल असे यातून म्हणता येत नाही, पण त्रास कमी करण्याने आयुष्य घटते ही समजूत त्यातून नक्कीच दूर होते. मॉर्फिनलाही घाबरू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते वेदनेवरचे औषधच आहे.

पुढच्या भेटीला दादांना सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा की, रात्री दुखणे वाढले तर कोणते औषध किती द्यायचे, धाप लागली तर काय करायचे आणि अशा वेळी फोन कोणाला करायचा.