गुडघ्यातलं ‘वंगण’

प्रश्न : वय ६२, वजन ७८ किलो. दोन वर्षांपासून उजवा गुडघा दुखतोय. जिना उतरताना जीव मुठीत धरते. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, गादी झिजलीय, वंगण संपलंय. वंगणाचं इंजेक्शन घेऊ की सरळ वाटी बदलून टाकू? तोवर यांच्या कंबरदुखीच्या उरलेल्या गोळ्या घेते. मला बीपी आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी यांच्या गोळ्या यांनाच परत करा! पाकिटावर डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन लिहिलं असेल, तर त्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडालाही जड जातात. डायक्लोफिनॅकचं मलम मात्र गुडघ्याला चांगलं लागू पडतं आणि रक्तात फार थोडं उतरतं. तुमच्या बीपीच्या डॉक्टरांना विचारून ते लावा.

‘वंगण’ हा शब्द आम्हा डॉक्टरांनीच रुळवला, आता तो आमच्याच मानगुटीवर बसलाय. सायकलच्या चेनला तेल घातलं की काम झालं, तसं गुडघ्याचं नसतं. चाचण्यांमध्ये त्या महागड्या इंजेक्शनचा आणि नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनचा फरक अगदी किरकोळ निघाला. मी ते सहसा देत नाही. गुडघा सुजून गरम झाला असेल तर स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. पण ते वरचेवर नको.

खरं औषध मांडीत आहे. खुर्चीत बसा, पाय समोर सरळ करा, मांडी आवळून दहा आकडे मोजा, सावकाश खाली आणा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. माझ्या आईला मी हे मालिकेच्या जाहिरातींत करायला लावलं. पहिला महिना तिने माझा उद्धार केला. दोन महिन्यांनी कठडा न धरता जिना उतरली, पण माझ्या व्यायामाने उतरले असं काही म्हणाली नाही.

वजन एक किलो उतरलं, तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. काठी डाव्या हातात धरा. जिना चढताना आधी डावा पाय, उतरताना उजवा. भाजी निवडायला खाली बसू नका.

हे सगळं काही महिने करूनही रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाववत नसेल, तर ऑपरेशन जरूर करा. त्यात ‘वाटी’ बदलत नाहीत, हाडांच्या झिजलेल्या टोकांवर धातूची टोपी आणि मधे प्लास्टिक बसवतात. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर २०१७पासून सरकारी मर्यादा आहे, बिलात तो आकडा वेगळा मागा.

आणि तो एक्स-रे उभं राहून काढला होता का? झोपवून काढला असेल, तर गादी किती उरलीय ते त्यात नीट कळत नाही.