वाकताना, उभं राहताना पाठ-पोटाचे स्नायू किती काम करतात, हे मोजतात कसं?

सरफेस ईएमजीने, म्हणजे कातडीवरून केलेल्या इलेक्ट्रोमायोग्राफीने. कातडीवर चिकटवलेले इलेक्ट्रोड स्नायूंमधले अगदी सूक्ष्म विद्युत संकेत टिपतात. आधी तिथले केस काढून कातडी स्पिरिटने पुसतात. मग कमरेपाशी मणक्याच्या दोन्ही बाजूंना आणि पोटावर इलेक्ट्रोडच्या जोड्या लावतात. जोडीतलं अंतर साधारण २० मिमी.

खरी गोम पुढे आहे. चरबीचा थर प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे नुसते आकडे दोन माणसांत ताडून पाहता येत नाहीत. म्हणून आधी पूर्ण ताकदीने जोर लावायला सांगतात, तो १०० टक्के धरतात आणि बाकीच्या हालचाली त्या हिशेबात मांडतात. निरोगी माणूस नुसता ताठ उभा असेल तर हे प्रमाण जेमतेम काही टक्के भरतं. त्यामुळे रोजच्या कामात पोट सतत आवळून धरायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात बघण्यासारखं असतं ते वाकताना. सावकाश पुढे वाकायला लागलं की पाठीचे स्नायू जोरात कामाला लागतात, पण पूर्ण वाकल्यावर बहुतेक निरोगी माणसांत स्क्रीनवरची संकेतांची रेघ जवळपास सपाट होते! भार तेव्हा मुख्यतः अस्थिबंधांवर आणि ताणलेल्या उतींवर जातो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी हे १९५० च्या दशकात नोंदवलं. कंबरदुखीच्या बऱ्याच रुग्णांत रेघ अशी सपाट होत नाही.

धडावर हृदयाचे संकेतही मिसळतात, ते गाळावेच लागतात. पोटातला सगळ्यात खोलवरचा स्नायू, ट्रान्सव्हर्सस, मात्र कातडीवरून नीट सापडत नाही, त्यासाठी बारीक तारेचे इलेक्ट्रोड सुईने आत घालतात.