कॉन्सर्ट बँडमध्ये नव्याने आलेल्या क्लॅरिनेटवादकांसाठी

मोठ्या ऑर्केस्ट्रात तंतुवादकच साठेक असतात आणि क्लॅरिनेट दोन, फार तर चार. प्रत्येकाची ओळ वेगळी. बँडमध्ये मुख्यतः फुंकून वाजवायची वाद्यं आणि तालवाद्यं असतात, व्हायोलिन नसतात, त्यामुळे त्यांचं बरंचसं काम तुमच्या गळ्यात पडतं. बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी बहुधा तीन वेगळ्या ओळी लिहिलेल्या असतात, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड; एकेका ओळीवर तीन-चार जण. थर्ड मिळालं म्हणून हिरमुसू नका, बँडचा भरदारपणा तिथूनच येतो. चेलोची सुरावट बहुतेक वेळा युफोनियमकडे (छोट्या ट्यूबासारखं पितळी वाद्य) जाते, ती ऐकत वाजवा.

खरी अडचण दमाची. व्हायोलिनवाल्याला सुरासाठी फुंकर लागत नाही, तुम्हाला लागते. शेजाऱ्याशी आधी ठरवून आळीपाळीने श्वास घ्या, आणि शक्यतो बारच्या रेषेवर (कागदावर दोन मात्रागटांमधली उभी रेघ) नको: सगळ्यांना तिथेच घ्यावासा वाटतो आणि लांब सुराला भोक पडतं. पेन्सिलीने खूण करून ठेवा.

ऑर्केस्ट्रा ओबोच्या ए वर जुळतो, बँड बऱ्याचदा बी-फ्लॅटवर. ऐकू येणारा हाच सूर तुमच्या कागदावर सी म्हणून लिहिलेला असतो, आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर जी. जुळवण्याआधी दहा मिनिटं वाजवून वाद्य गरम करा. थंड क्लॅरिनेट उतरलेलं असतं, तेव्हाच जुळवलंत तर पुढे चढत जाणार. चढलंच तर बॅरल (माउथपीसखालचा छोटा जोड) मिलिमीटरभर बाहेर ओढा. ओठ सैल सोडून सूर उतरवू नका, आवाज पसरट होतो.