सूर मारताना दरवेळी पोटच आपटतं, काय चुकतंय?

तुम्ही विचारलंय: वय ३४, फ्रीस्टाइल व्यवस्थित येते, पण काठावरून सूर मारायला गेलं की पोट आणि मांड्या आपटतात. सराव सोसायटीच्या ५ फुटी टँकमध्ये चालू आहे.

पोटाचं नंतर बघू, आधी टँक बदला. ५ फूट पाण्यात सूर शिकू नका, अगदी काठावर बसूनसुद्धा नाही. साधारण उंचीचा माणूस हात डोक्यावर ताणून आडवा झाला, तर बोटांच्या टोकापासून पायापर्यंत ७ फूट भरतो. तो ५ फूट पाण्यात सरळ घुसला, तर हात तळाला लागतात तेव्हा त्याचे पाय अजून पाण्याबाहेरच असतात. एक मीटर पडताना अंगाला ताशी सुमारे १६ किलोमीटर वेग येतो. तो हातांनी झेलता आला नाही की सगळा भार डोक्यावरून मानेत उतरतो. मानेचा पाचवा-सहावा मणका तिथे मोडतो आणि चारही हातपाय कायमचे जाऊ शकतात. आजवर तुम्ही पोटावर आपटत होतात म्हणूनच वाचलात, हे मी अगदी मनापासून सांगतोय. सूर जमायला लागला की हाच टँक जास्त धोक्याचा होईल.

काठावरून डोकं खाली घालून सूर मारायला अमेरिकन रेड क्रॉस किमान ९ फूट खोली सांगते. तीच धरून चाला. शर्यतीत जलतरणपटू १.३५ मीटर पाण्यात ब्लॉकवरून (शर्यत सुरू करायच्या उंच चौथऱ्यावरून) सूर मारतात हे खरं, पण तो सपाट, उथळ सूर असतो आणि त्यामागे वर्षांचा सराव असतो. शिकणाऱ्याला आपला कोन हातात ठेवता येत नाही. महापालिकेच्या मोठ्या तलावांना बहुधा खोल बाजू असते. काठावर लिहिलेला आकडा वाचा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. तळ समोर चढत जातो का तेही बघा, कारण सूर मारल्यावर तुम्ही पुढेही सरकता. जीवरक्षकाला सांगूनच सुरू करा.

आता पोट का आपटतं ते. शेवटच्या क्षणी पाणी जवळ येताना दिसतं आणि मान आपोआप वर होते. डोकं जाईल तिकडे अंग जातं: मान उचलली की छाती उचलते, पाठीला बाक येतो, कंबर खाली राहते आणि अख्खं अंग एकाच वेळी पाण्याला लागतं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. एवढ्या रुंद अंगाला वाट करून द्यायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून चटका बसतो. दुसरं कारण म्हणजे तुम्ही लांब उडी मारत असणार. सूर ही मुळात उडी नाहीच, ते कलणं आहे. कंबर डोक्याच्या वर गेली की बाकीचं काम वजन करतं.

हातांची ठेवण आधी जमिनीवर पक्की करा. एका तळव्यावर दुसरा तळवा, वरच्या हाताच्या अंगठ्याने खालचा हात धरलेला, कोपरं ताठ, दंड कानांवर घट्ट दाबलेले, हनुवटी छातीकडे. आरशासमोर बघा: कान दिसले तर दंड सैल आहेत. पाण्यात शिरल्यावरही वेग ओसरेपर्यंत हे कुलूप सोडायचं नाही. पाण्याच्या धक्क्याने हात फाकले की डोकं उघडं पडतं. हातांचं काम सुबक दिसणं नाही, डोक्याला राखणं आहे.

मग खोल बाजूला काठावर बसा. पाय आत सोडून टाचा भिंतीला किंवा गटारीच्या (काठालगत पाणी वाहून जायच्या खाचेच्या) कडेला टेकवा, गुडघे थोडे फाकवा. काठापासून ३ फुटांवर पाण्यात एक जागा ठरवून नजर तिथेच ठेवा. श्वास घ्या, हात त्या जागेकडे रोखा आणि पुढे वाका, वाकतच राहा. तोल गेला की टाचांनी हलकेच रेटून पाय मागे ताणा. बोटं, मनगट, डोकं, कंबर, पाय हे सगळं एकाच भोकातून आत गेलं पाहिजे. आत गेल्यावर हात आणि नजर जरा वर वळवलीत की अंग वळण घेऊन वर येतं. हे सलग दहा वेळा न आपटता जमेपर्यंत उठून उभं राहू नका. बहुतेक मोठी माणसं इथेच घाई करतात.

पुढचा टप्पा एका गुडघ्यावर: पुढच्या पायाची बोटं काठाच्या कडेवर वळवून पकडलेली, मागचा गुडघा टेकलेला. इथेही कलायचं आणि शेवटी पुढच्या पायाने रेटायचं. ते बसलं की उभं राहून कमरेतून वाका, हात पाण्याकडे, आणि एक पाय मागे सरळ वर उचलत जा. हा उचललेला पायच कंबर वर नेतो. माझ्या मते पोटावर आपटणाऱ्यांसाठी याहून चांगला उपाय नाही. मग दोन्ही पाय जोडून, आणि अगदी शेवटी छोटा रेटा देऊन. दोन्ही पाय जोडताना गुडघे फार वाकवलेत तर कंबर पुन्हा खाली बसते आणि जुनंच दुखणं परत येतं.

मांड्या तेवढ्या आपटत असतील तर पाय उशिरा वर येताहेत: पावलं जुळवा, अंगठे ताणा. उलट पाय डोक्यावरून पुढे जाऊन पाठ आपटत असेल तर हनुवटी गरजेपेक्षा जास्त दाबली जातेय किंवा हवेत गुडघे दुमडताहेत.

नाकात पाणी जाणं हा श्वासाचा प्रश्न आहे. आत शिरतानाच नाकाने हळू हवा सोडा, तोंड मिटून ‘हं’ म्हटल्यासारखी. खाली कान दुखले तर ओढून धरू नका, वर या. सर्दी असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल तर सूर नकोच. गॉगल या सरावात काढून ठेवा, पहिल्याच धक्क्याला तो घसरतो आणि लक्ष तिकडे जातं. एका दिवशी पंधरा-वीस सूर पुरे. थकलं की हात सैल पडतात.

विहीर, नदी, धरण इथे हे शिकू नका. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी किती उतरलंय, आत पंपाचा पाइप किंवा कपारीचा दगड कुठे आहे, हे वरून कळत नाही.

आणि कुणाचं डोकं तळाला लागलंच, तर त्याला ओढून काठावर घेऊ नका. तोंड पाण्यावर राहील असं उताणं तरंगत ठेवा, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरा, जीवरक्षकाला हाक मारा आणि १०८ला फोन करा. तो स्वतः हातपाय हलवत असला तरी मान सोडायची नाही. श्वास चालत नसेल तर मात्र थांबू नका: मान शक्य तितकी सरळ ठेवून लगेच बाहेर घ्या आणि कृत्रिम श्वास सुरू करा.